नळ फुसफुसतो तेव्हा

सोलापुरात आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाचव्या दिवशी, आणि वेळेचा भरवसा नसतो. पहाटेचे तीनसुद्धा वाजतात. पाण्याच्या पाळीच्या रात्री शेजारच्या अक्का झोपताना तोटी उघडी ठेवतात आणि तिच्याखाली पितळी घागर लावतात. आधी पाणी येत नाही, हवा येते. नळ फुसफुसतो, दोनदा ठसकतो, तांबूस पाण्याची एक पिचकारी घागरीच्या तळाशी पडते आणि मग कुठं धार लागते. पण अक्कांचा चेहरा धार लागल्यावर खुलतो असं समजू नका. तो त्याआधीच खुललेला असतो, नुसत्या त्या 'फुस्स' आवाजावर. धार लागेपर्यंत त्यांनी पदर खोचून पिंपाचं झाकण काढलेलं असतं आणि आमच्या गेटची कडीही वाजवलेली असते.

पाण्याचा थेंब पडायच्या आधी माणूस सुखावतो कसा? हा प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याच्या उत्तरात छोट्या आनंदांचं जवळजवळ सगळं गणित येतं. रोजचं सुख रोज का जाणवत नाही, नवी वस्तू महिनाभरात जुनी का होते, चांगली बातमी कानावर पडून का विरते, हे सगळं त्या एका आवाजापासून समजून घेता येतं.

वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर काही प्रयोग केले होते. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा एक थेंब पडायचा आणि त्या वेळी मेंदूतल्या ठरावीक पेशी काय करतात, याची नोंद व्हायची. या पेशी डोपामिन नावाचं रसायन वापरून मेंदूच्या इतर भागांना निरोप पाठवतात. सुरुवातीला थेंब अचानक पडायचा आणि पेशी जोरात उसळायच्या. मग थेंबाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं. त्यानंतर पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस तोंडात पडला तेव्हा शांत राहिल्या. तिसरा भाग सर्वांत बोलका आहे. दिवा लागला, पण रस दिलाच नाही, तेव्हा ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींची नेहमीची हालचालसुद्धा मंदावली.

अक्कांचा नळ याहून वेगळा नाही. फुस्स म्हणजे दिवा, धार म्हणजे रस. वर्षानुवर्षं फुस्स झाल्यावर धार लागत आली आहे, म्हणून आनंद धारेवरून उठून आवाजावर जाऊन बसला. आणि नळ फुसफुसून नुसताच गप्प झाला की काय होतं, तेही आमच्या गल्लीला ठाऊक आहे. पाणी मुळीच आलं नाही त्या दिवसापेक्षा, आवाज होऊन आलं नाही तो दिवस जास्त जड जातो.

१९९७ साली शुल्त्झ यांनी पीटर दयान आणि रीड माँटेग्यू या दोघांबरोबर याचा अर्थ मांडला. मेंदू सतत एक अंदाज बांधून असतो. अंदाजापेक्षा जास्त मिळालं तर या पेशी उसळतात, अंदाजाएवढंच मिळालं तर स्वस्थ राहतात, कमी मिळालं तर खाली जातात. म्हणजे त्या मोजतात ते मिळालेलं नव्हे, तर मिळालेल्यातून अपेक्षित वजा करून जे उरतं ते. शाळेतल्या वजाबाकीसारखं. आणि जे उरतं त्यावरून मेंदू पुढच्या वेळचा अंदाज सुधारतो. ही मुळात शिकण्याची व्यवस्था आहे.

इथं एक गैरसमज बाजूला केला पाहिजे. डोपामिनला सर्रास 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते मला पटत नाही. केंट बेरिज या संशोधकानं उंदरांवर काम करून दाखवलं की हवंहवंसं वाटणं आणि मिळाल्यावर गोड लागणं या मेंदूत दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं होतं, ते समोरच्या अन्नाकडे वळेनात. पण त्यांच्या जिभेवर गोड पाणी ठेवलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारत. ओढ गेली होती, गोडी शाबूत होती. याच्या उलटही घडतं: ओढ प्रचंड, गोडी जेमतेम. मोबाइल 'टिंग' करतो, हात आपोआप जातो, अर्धा तास अंगठा सरकत राहतो आणि शेवटी काही खाल्ल्यासारखं वाटत नाही. नुसतंच फुस्स, धार नाहीच. छोट्या आनंदांबद्दल बोलताना मला दुसऱ्या गोष्टीबद्दल, गोडीबद्दल बोलायचं आहे. तिला ओढीएवढा गाजावाजा जमत नाही, म्हणून तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

आता सवयीचं बघू. ज्या भागात चोवीस तास पाणी आहे तिथं पहाटे नळ सोडल्यावर कुणाच्या चेहऱ्यावर हसू येत नाही. पाणी तेच, उपयोग तोच. पण अंदाजही 'पाणी येणारच' असा पक्का झालेला, त्यामुळे वजाबाकीत उरतं शून्य. याचा अर्थ पाणी पाच दिवसांनी यावं असा मुळीच नाही. उलट माझी मनापासून इच्छा आहे की सोलापुरातल्या प्रत्येक घराला रोज पाणी मिळावं. पहाटे तीनला उठून घागरी वाहणाऱ्या बायकांच्या कमरेचा हिशेब कुठल्याच आनंदानं फिटत नाही. म्हणायचं इतकंच की ते रोजचं पाणी मिळालं, की महिन्याभरात आपण ते पाहायचं विसरणार. हा आपला कृतघ्नपणा म्हणता येणार नाही. मेंदूला नव्या बदलांसाठी जागा मोकळी ठेवायची असते, म्हणून तो जुन्या गोष्टींची नोंद घेणं थांबवतो.

१९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांना प्रश्न विचारले. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद ऐकणं, कुणी कौतुक करणं, अशा रोजच्या गोष्टींत किती मजा वाटते? आजूबाजूच्या सामान्य लोकांना जेवढी वाटत होती, त्यापेक्षा जिंकलेल्यांना कमी वाटत होती. अभ्यास लहान होता, त्यावरून पैशानं काहीच साधत नाही असा निष्कर्ष कुणी काढू नये. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत पैसा आला की आयुष्याबद्दलचं समाधान टिकाऊपणे वाढलेलं दिसलं आहे, आणि ज्याच्या घरात महिनाअखेरीस चणचण असते त्याला हे सांगायला संशोधक लागत नाही. पण नाश्त्याबद्दलचा तो मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. एक मोठा आनंद इतका उंच चढून बसतो की त्याच्या सावलीत कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगा चटणी दिसेनाशी होते.

यावर उपाय काय, तर आपल्याकडे तो ऋतूनंच करून ठेवला आहे. हुरडा बघा. शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. थंडीत कणीस भरतं, दाणा चिकात येतो, आणि कोवळा दाणा खाण्याजोगा असतो तो मोजक्या आठवड्यांपुरता. पुढं तो कडक होतो आणि ज्वारी होऊन पोत्यात जातो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आगटी पेटलेली असते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली असतात. भाजणारा हात कणीस बाहेर काढून दोन तळव्यांत चोळतो. हाताला चटके बसतात, तो फू फू करत भुसा उडवतो आणि हिरवे, वाफाळते दाणे तुमच्या ओंजळीत टाकतो. एका ओंजळीला शेंगा चटणी, दुसरीला गूळ, तिसरीला काहीच नको. ती गोडी अकरा महिने मिळत नाही, म्हणून बाराव्या महिन्यात तिच्याकडे सगळं लक्ष जातं.

२०१३ साली जोर्दी क्वाडबाक आणि एलिझाबेथ डन यांनी अगदी हेच चॉकलेटवर करून पाहिलं. काही जणांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितलं, काहींना भरपूर देऊन हवं तितकं खा म्हटलं, उरलेल्यांना कसलीच अट घातली नाही. आठवड्यानंतर सगळ्यांना पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांनी सोडलं होतं त्यांनाच ते सर्वांत जास्त आवडलं. आपल्या घरातल्या चातुर्मासाला, 'आषाढी ते कार्तिकी वांगं नाही' म्हणणाऱ्या आजीला, या प्रयोगाचं नवल वाटलं नसतं. तिचं कारण धर्माचं होतं, पण कार्तिकात पहिल्यांदा शिजलेल्या वांग्याच्या भरताचा घमघमाट सगळ्या घराचा होता.

वाट पाहण्याचंही असंच. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा जानेवारीत संक्रांतीला असते, पण तिची चाहूल कितीतरी आधी लागते. नंदीध्वज पेलणाऱ्यांचा सराव सुरू होतो. उंच काठी कमरेशी तोलून चालणारी पोरं आणि त्यांच्याभोवती चालणारी माणसं रात्री रस्त्यात दिसायला लागतात. पुढं सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, 'हर्र बोला हर्र'नं चौक भरून जातो, होम होतो, शोभेचं दारूकाम होतं. दिवस मोजून तीन-चार, पण गावातली लेकरं त्या दिवसांच्या दोन्ही अंगांना आठवडेच्या आठवडे आनंदात असतात: आधी 'गड्ड्यावर जायचं' म्हणून आणि नंतर 'पाळण्यात बसलो' म्हणून. आनंद घडताना जेवढा भोगतो तेवढाच तो आधी आणि नंतरही भोगता येतो. मानसशास्त्रात फ्रेड ब्रायंट यांनी याच तीन अंगांचा बारकाईनं अभ्यास केला आहे. मराठीत याला 'चवीनं' हा एकच शब्द पुरतो.

हे झालं स्वतःच्या घरातल्या आनंदाचं. जगातल्या चांगल्या बातम्यांचं दुखणं वेगळं आहे. इथं सवय लागण्याइतकाही वेळ मिळत नाही, कारण ती बातमी आपल्यापर्यंत येतच नाही.

वाईट गोष्ट एका दिवशी घडते. अपघात होतो, पूल पडतो, भाव कोसळतो. तिला तारीख असते, फोटो असतो. शिवाय आपला मेंदू तिच्याकडे आधी वळतो. झुडपात सळसळ झाली तेव्हा 'वारा असेल' म्हणणारा चुकला तर जिवाला मुकायचा, आणि 'वाघ असेल' म्हणून पळणारा चुकला तर फक्त दमायचा. आपण दमणाऱ्यांचे वंशज आहोत. चांगली गोष्ट मात्र बहुतेक वेळा हळूहळू घडते, आणि पुष्कळदा ती 'काही न घडण्याच्या' रूपात असते. न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार?

नारूचं उदाहरण मला यासाठी फार जवळचं वाटतं. आज तिशीतल्या कुणालाही विचारा, नारू म्हणजे काय ते सांगता येणार नाही. साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो आधी स्वतःच्या पोटरीकडे बघेल. बारवेचं किंवा तळ्याचं न गाळलेलं पाणी प्यायलं की त्यातल्या बारीक जलपिसवांबरोबर अळ्या पोटात जायच्या. साधारण वर्षभरानं पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, आणि त्या फोडातून दोन-तीन फूट लांब, शेवयीसारखा पांढरा जंत बाहेर पडायला लागायचा. ओढला तर तुटतो, म्हणून रोज बोटभर काडीला गुंडाळत बसायचं, कित्येक दिवस. आग शमवायला माणूस पाय पाण्यात सोडायचा आणि तिथंच जंत नव्या अळ्या सोडायचा. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला उतरणाऱ्या गावाला यातून सुटका नव्हती.

यावर औषध नव्हतं, लस नव्हती, अजूनही नाही. देशानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोहीम हाती घेतली. तिची हत्यारं होती फडक्यानं पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी सुधारणं, हातपंप बसवणं आणि घरोघर जाऊन विचारपूस करणं. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते, आणि नारूच्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही होता. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. जगात १९८६ च्या सुमारास वर्षाला ३५ लाख माणसांना होणारा हा आजार अलीकडच्या वर्षांत पंधराच्या आसपास माणसांना झाला. पंधरा लाख नव्हे, पंधरा. हे काम एका फडक्यानं केलं आणि ते फडकं हंड्याच्या तोंडावर बांधणाऱ्या बायकांनी केलं. 'सोलापूर जिल्ह्यात आजही कुणाला नारू झाला नाही' अशी बातमी कधी छापून येणार नाही, पण ती आज सकाळीही खरी होती.

पोलिओचंही तसंच. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण होते, जगातले जवळपास निम्मे. १३ जानेवारी २०११ हा शेवटच्या रुग्णाचा दिवस, पश्चिम बंगालमधली एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पोलिओ रविवारी बूथवर बर्फाच्या डब्यात थेंबांच्या कुप्या घेऊन बसणाऱ्या, लेकराच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करणाऱ्या ताई आठवतात? ती शाई सगळ्यांनी पाहिली आहे. त्या शाईमुळं जी लेकरं आज गल्लीत धावत आहेत त्यांच्याकडे बघून कुणाला पोलिओ आठवत नाही, आणि आठवू नये इतकं ते काम चोख झालं.

माझ्या आजीची सात बाळंतपणं झाली. किती मुलं असं कुणी विचारलं की ती नुसतं 'चार' म्हणत नसे, 'सातातली चार' म्हणायची. १९९० साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १२६ पाच वर्षांची होण्याआधी दगावत. आता तो आकडा ३० च्या आसपास आला आहे. मघाशी ज्या वजाबाकीबद्दल बोललो, ती इथं करून बघा. तो फरक म्हणजे अंगणवाडीच्या ओट्यावर पाटी घेऊन बसलेली लेकरं. उरलेल्या तिसांसाठी काम बाकी आहे आणि ते खाली येऊ शकतं, हेही हाच आकडा सांगतो.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली, आणि माझ्या मते ती सर्वांत कामाची आहे. आनंद सांगितल्यावर ऐकणारा काय म्हणतो, यावर तो टिकतो की विझतो हे ठरतं. शेली गेबल यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जोडप्यांमध्ये चांगल्या बातमीला मिळणारी चार प्रकारची उत्तरं पाहिली. ती आपल्या गावात आणून बघू. कुंभारीजवळच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५ हजार घरं कामगारांना मिळाली: यंत्रमागावर काम करणारे, विड्या वळणाऱ्या बायका, कागद-काच वेचणारे, फेरीवाले. समजा, त्यातली एक बाई जुन्या शेजारणीला येऊन म्हणाली, "अक्का, किल्ली मिळाली की ओ!"

शेजारीण म्हणू शकते, "बरं झालं," आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागते. ती म्हणू शकते, "एवढ्या लांबून कामाला कसं यायचीस? रिक्षालाच पगार जाईल." ती म्हणू शकते, "आमचा गॅस संपलाय बघ सकाळपासून." किंवा ती सूप बाजूला ठेवून विचारते, "होय? कितव्या मजल्यावर? खिडकी कुठल्या अंगाला? पोरं काय म्हणाली? पहिल्यांदा दूध उतू घालायला मला बोलावशील का न्हाई?" पहिल्या तीन उत्तरांत वाईट हेतू असेलच असं नाही. दुसऱ्यात तर काळजीच आहे. पण फक्त चौथ्या उत्तरात त्या बाईला किल्ली दुसऱ्यांदा मिळते. अशी उत्तरं ज्या जोडप्यांत होती त्यांचं नातं अधिक समाधानाचं असल्याचं गेबल यांना दिसलं. आणि नुसता चांगला प्रसंग घडण्यापेक्षा तो कुणाला तरी सांगितला, त्या दिवशी माणसं अधिक आनंदी होती. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट लागतो, आणि 'लांब पडेल' हे उद्याही सांगता येतं.

चांगल्या गोष्टी वहीत लिहून काढण्याबद्दलही बरंच बोललं जातं. त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण रोजचा रतीब घातला तर त्याचीही सवय होते. सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रविवारची एक ओळ पुरे.

आणि ज्याला यातलं काहीच गोड लागत नाही, त्याला 'आनंद शोध' असं सांगू नये. जे पूर्वी आवडायचं त्यात रस उरला नाही, झोप उडाली, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. गोडी लागण्याची व्यवस्थाच आजारी पडते तेव्हा हुरडा तरी काय करणार? त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरात असं कुणी असेल तर त्याच्या शेजारी बसून हा क्रमांक लावून द्यावा.

परवा पाण्याची पाळी होती. पहाटे साडेतीनला गेटची कडी वाजली. "पाणी येलालंय बे, उठा!" इतकी वर्षं मी अंथरुणातूनच 'हं' म्हणत आले. परवा उठून दारात गेले. अक्का ओल्या पदरानं उभ्या होत्या, हातात पाण्यानं निथळणारा तांब्या.

"अक्का, दाब कसाय आज?"

त्या वळल्या, जिन्याकडे बोट केलं. "वरच्या टाकीत चढलंय बघ, मोटर न लावता! ये, आवाज ऐक."

आम्ही दोघी जिन्यावर उभं राहून ऐकलं.